बॉयलर कोण बांधतो?

दसरा जवळ आला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. अमुक सहकारी साखर कारखान्याचा 'बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ' तमुक मान्यवरांच्या हस्ते पार पडला. सोबत छायाचित्र असते. भट्टीचे उघडे दार, पूजेचे ताट, गळ्यात हार घातलेली मंडळी. अग्नी कोणी प्रदीप्त केला ते आपल्याला कळते. पण ज्याच्या पोटात तो पेटला, तो काही मजले उंच बॉयलर बांधला कोणी, हे त्या बातमीत कधीच नसते. या लेखात आपण त्या कारागिराची ओळख करून घेणार आहोत. आणि 'दहावीनंतर काय?' या प्रश्नाने तुमच्यापैकी ज्यांची झोप उडाली आहे, त्यांनी हा मार्ग धरावा की नाही याचाही विचार करणार आहोत.

या कारागिराला बॉयलरमेकर म्हणतात. मराठीत बॉयलरसाठी बाष्पित्र आणि बाष्पक असे दोन शब्द आहेत. राज्य सरकारच्या संबंधित खात्याचे नावही बाष्पके संचालनालय असेच आहे. पण 'बाष्पित्राला गळती लागली' असे कारखान्यात कोणी ओरडत नाही. म्हणून आपणही बॉयलरच म्हणू.

कुकरपासून सुरुवात करू

तुमच्या घरी प्रेशर कुकर असेलच. तो शिट्टीच्या बेताला येतो तेव्हा आत, बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम इतका जादा दाब असतो. कुकरच्या तोंडाचा व्यास २२ सेंटिमीटर धरा आणि क्षेत्रफळ काढा. ते जवळजवळ ३८० चौरस सेंटिमीटर येईल. म्हणजे आतली वाफ झाकणाला सुमारे ३८० किलोग्रॅम इतक्या जोराने वर ढकलत असते. पाच-सहा धट्टीकट्टी माणसे झाकणावर उभी राहिली तरच बरोबरी व्हावी! आई रोज सकाळी जे झाकण लावते ते हा जोर सहन करते.

आता एक मध्यम आकाराचा बॉयलर घ्या. दोन मीटर व्यासाचे पोलादी नळकांडे, आणि दाब कुकरच्या दहापट, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १० किलोग्रॅम. हे नळकांडे उभे चिरून त्याचे दोन अर्धगोल झाले अशी कल्पना करा. एक मीटर लांबीच्या तुकड्यात, या दोन अर्ध्या भागांना एकमेकांपासून दूर ढकलणारा जोर किती? व्यास २०० सेंटिमीटर, लांबी १०० सेंटिमीटर, दाब १०. तिघांचा गुणाकार केला की २,००,००० किलोग्रॅम, म्हणजे २०० टन. दहा-दहा टन वजनाच्या वीस मालमोटारींचे वजन एका मीटरवर! हा सगळा जोर दोन्ही बाजूंच्या, जेमतेम दीड सेंटिमीटर जाडीच्या पत्र्याने पेलायचा असतो.

पण नळकांड्याला दोन प्रकारचे सांधे असतात. पत्रा गोल वळवून त्याच्या कडा जिथे जोडतात तो लांबीच्या दिशेने जाणारा उभा सांधा, आणि एका नळकांड्याला दुसरे नळकांडे किंवा टोकाचे झाकण जोडणारा वाटोळा सांधा. यांतल्या कोणत्या सांध्यावर ताण जास्त? वरच्या पद्धतीने तुम्ही स्वतः गणित करून पाहा. उभ्या सांध्यावर वाटोळ्या सांध्याच्या बरोबर दुप्पट ताण येतो. म्हणूनच दाबाने पाइप फुटला तर त्याची चीर बहुधा लांबीच्या दिशेनेच जाते. बॉयलर बांधणाऱ्याला हे सूत्र पाठ नसेलही, पण उभ्या सांध्यापाशी आला की त्याचा हात आपोआप जपून चालू लागतो.

सांधा उलतो तेव्हा

कोंडलेली वाफ फुटते एवढ्यापुरतीच गोष्ट असती तर बॉयलरचे अपघात इतके भयंकर झाले नसते. खरा धोका पाण्यात आहे. दर चौरस सेंटिमीटरला १० किलोग्रॅम दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही. ते सुमारे १८४ अंश सेल्सिअसपर्यंत पाणीच राहते. आता कवच एकदम फाटले आणि दाब नाहीसा झाला तर? १८४ अंशांचे पाणी मोकळ्या हवेत पाणी म्हणून राहूच शकत नाही. त्याचा साधारण सहावा भाग क्षणार्धात वाफ बनतो. बॉयलरमध्ये पाच टन पाणी असेल तर सुमारे आठशे किलोग्रॅम वाफ एकदम तयार होते, आणि हवेच्या दाबाला तिला तेराशे घनमीटरहून जास्त जागा लागते. तुमचा वर्ग नऊ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच असेल तर असे सात वर्ग त्या वाफेने भरतील. डोळ्याची पापणी लवायच्या आत!

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ब्रॉक्टन नावाचे गाव आहे. तेथील ग्रोव्हर या पादत्राणांच्या कारखान्यात २० मार्च १९०५ रोजी सकाळी बॉयलर फुटला. चार मजली इमारत कोसळली, आग लागली आणि ५८ माणसे मेली. दोष होता उभ्या सांध्यात. त्या काळी पत्र्याची एक कड दुसरीवर चढवून त्यातून रिवेट ठोकत. अशा चढत्या सांध्यामुळे नळकांडे पूर्ण वर्तुळाकार होत नाही. दाब आला की ते गोल व्हायला बघते, दाब उतरला की पुन्हा पूर्वपदावर येते. बॉयलर पेटवला की पत्रा सांध्यापाशी किंचित वाकतो, विझवला की किंचित उलट वाकतो. एखादी तार तुम्ही हातात धरून पुन्हापुन्हा वाकवलीत तर तिचे काय होते ते आठवा. तसेच इथेही झाले. आणि चीर होती चढलेल्या पत्र्याच्या खाली. वरून पाहणाऱ्याला ती दिसण्यासारखी नव्हती.

या अपघातानंतर १९०७ मध्ये त्या राज्याने बॉयलरबांधणीचे नियम केले, आणि पुढे अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सने, आपली प्रसिद्ध बॉयलर संहिता तयार केली. तिची पहिली आवृत्ती १९१४ ची. आपला इतिहास याहून जुना आहे. कलकत्त्यात १८६३ मध्ये बॉयलर फुटून अनेकजण दगावले आणि १८६४ मध्ये बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. नंतर साऱ्या देशासाठी १९२३ चा कायदा आला, त्याखाली १९५० चे भारतीय बॉयलर विनियम आले. कामगार त्यांना आजही त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांनी, 'आयबीआर' म्हणूनच ओळखतात. १९२३ चा कायदा तब्बल शंभर वर्षे चालला. २०२५ मध्ये त्याची जागा नव्या बॉयलर कायद्याने घेतली.

पत्र्यापासून बॉयलरपर्यंत

आता प्रत्यक्ष काम पाहू. पहिले काम आखणीचे, म्हणजे मार्किंगचे. दोन मीटर आतील व्यासाचे नळकांडे करायचे आहे, पत्रा १४ मिलिमीटर जाडीचा आहे. पत्रा किती लांब कापाल? तुम्ही झटकन परिघाचे सूत्र लावाल आणि ६,२८३ मिलिमीटर म्हणाल. तिथेच फसाल! पत्रा वळताना त्याची आतली बाजू आखडते, बाहेरची ताणली जाते. लांबी बदलत नाही ती फक्त जाडीच्या मधल्या रेषेची. म्हणून व्यास २,००० नव्हे तर २,०१४ मिलिमीटर धरायचा, आणि लांबी येते सुमारे ६,३२७. फरक ४४ मिलिमीटरचा. तुमच्या उत्तराने कापलेला पत्रा वळवला तर कडा एकमेकींना भेटणारच नाहीत, आणि तो महागडा पत्रा भंगारात जाईल. परीक्षेत अशा चुकीला अर्धा गुण जातो.

नंतर पत्रा तीन किंवा चार लाटांच्या यंत्रातून गोल वळवतात, कडा जुळवून जागोजाग वेल्डिंगचे टाके मारतात आणि मग सलग सांधा भरतात. कारखान्यातले मोठे सांधे आता बहुधा यंत्रच भरते. पण बॉयलर म्हणजे नुसते कवच नव्हे. त्यात नळ्या असतात, आणि मोठ्या औष्णिक केंद्राच्या बॉयलरमध्ये नळ्यांच्या सांध्यांची संख्या हजारोंनी मोजावी लागते. त्यांपैकी एक सांधा गळला तरी सगळा संच बंद करावा लागतो. इथे माणसाच्या हाताला पर्याय नाही.

नळीचा सांधा अवघड का? कारण नळीच्या आत हात जात नाही. वेल्डिंग बाहेरून करायचे, आणि तरीही वितळलेला धातू आतल्या कडेपर्यंत पोचला पाहिजे. फार पोचून आत लोंबताही कामा नये. म्हणून पहिला थर, ज्याला रूट म्हणतात, तो टंगस्टनच्या न वितळणाऱ्या काडीने, आर्गन वायूच्या आवरणाखाली भरतात. आर्गन कशासाठी? तापलेल्या धातूला हवेतल्या ऑक्सिजन आणि नायट्रोजनपासून दूर ठेवण्यासाठी. वरचे थर बहुधा साध्या इलेक्ट्रोडने भरतात. हे इलेक्ट्रोड आधी भट्टीत तापवून कोरडे करतात. त्यांच्या लेपात दमटपणा राहिला तर पाण्यातला हायड्रोजन धातूत शिरतो आणि सांधा थंड झाल्यावर, कधी कधी दुसऱ्या दिवशी, त्याला तडा जातो. पावसाळ्यात खिशात इलेक्ट्रोड घेऊन फिरणारा वेल्डर कसा असेल ते आता तुम्हीच ठरवा.

काही ठिकाणी नळ्या इतक्या जवळ असतात की मागची बाजू दिसत नाही. तेव्हा वेल्डर मागे लहानसा आरसा लावतो आणि त्यात पाहून सांधा भरतो. हे किती कठीण आहे हे समजून घ्यायचे असेल तर आज घरी एक प्रयोग करा. टेबलावर कागद ठेवा, समोर आरसा उभा करा, हात वहीच्या पुठ्ठ्याने झाका आणि फक्त आरशात पाहून आपले नाव लिहा. पहिल्या प्रयत्नात पेन्सिल भलतीकडेच पळेल. वीस-पंचवीस वेळा केल्यावर जमू लागेल. वेल्डर हेच काम हजारो अंश तापमानाची ठिणगी हातात धरून करतो.

काम पुरे झाले की तपासणी. इरिडियम-१९२ सारख्या किरणोत्सारी पदार्थाच्या गॅमा किरणांनी सांध्याचे छायाचित्र घेतात. आत पोकळी किंवा मळी राहिली असेल तर ती फिल्मवर डाग होऊन दिसते. शेवटी बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून त्यावर ठरलेल्या दाबाच्या दीडपट दाब देतात. पाण्यानेच का, हवेने का नाही? पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे त्यात साठलेली ऊर्जा अगदी थोडी असते. सांधा उललाच तर एक पिचकारी उडते आणि दाब उतरतो. दाबलेली हवा मात्र बंदुकीसारखी सुटली असती.

हे शिकायचे कुठे?

'बॉयलरमेकर' या नावाचा अभ्यासक्रम आपल्याकडे शोधत बसू नका. कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत या नावाची तीन-चार वर्षांची रीतसर उमेदवारी असते. आपल्याकडे पूर्वी रेल्वेच्या कारखान्यांत बॉयलरमेकर हे पदच असे. पण चित्तरंजनच्या कारखान्यातून शेवटचे वाफेचे इंजिन १९७२ मध्ये बाहेर पडले आणि तो जमाना सरला. आज हे कौशल्य निरनिराळ्या व्यवसायांतून मिळून उभे राहते.

पहिले दार औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे, म्हणजे आयटीआयचे. तेथे वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. आपल्या राज्यात दहावी अनुत्तीर्ण विद्यार्थ्यालाही त्याला प्रवेश मिळू शकतो. फिटरचा दोन वर्षांचा, त्याला दहावी उत्तीर्ण व्हावे लागते. पत्राकामाचाही वेगळा अभ्यासक्रम आहे. कोणता घ्यावा? लवकर कमवायला लागायचे असेल तर वेल्डर. पण दहावीनंतर दोन वर्षांचा व्यवसाय पूर्ण केला की पदविका अभ्यासक्रमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, हा फिटरचा मोठा फायदा आहे. घरची परिस्थिती परवानगी देत असेल तर मी फिटर सुचवीन आणि वेल्डिंग नंतर शिकायला सांगेन. प्रवेशाचे नियम बदलत असतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. शेजारच्या दादाच्या आठवणीवर विसंबू नका.

आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या कायद्याप्रमाणे ही उमेदवारी कारखान्यात विद्यावेतनासह करता येते, आणि माझ्या मते खरे शिक्षण इथेच होते. पुण्यातील थरमॅक्स आणि फोर्ब्स मार्शल, वालचंदनगरचा कारखाना, तमिळनाडूत तिरुचिरापल्लीचा भेलचा प्रचंड बॉयलर कारखाना ही या क्षेत्रातली मोठी नावे. पण गावोगावच्या साखर कारखान्यांतही गळीत हंगाम संपला की बॉयलर उघडून दुरुस्त करतात, आणि त्या तीन-चार महिन्यांत शिकणाऱ्याला जे पाहायला मिळते ते कोणत्याही वर्गात मिळत नाही.

आयटीआयचे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे बॉयलरला हात लावता येतो असे मात्र नाही. त्यासाठी बॉयलर विनियमांनुसार वेल्डरची वेगळी परीक्षा द्यावी लागते. त्याने भरलेले नमुने कापतात, वाकवतात, त्यांना तडा जातो का ते पाहतात. कारखान्यांतून घेतली जाणारी एक अवघड चाचणी म्हणजे ४५ अंशांत तिरपी, पक्की बसवलेली नळी. ती फिरवता येत नाही. वेल्डरनेच तिच्याभोवती फिरायचे. सपाट, उभे आणि डोक्यावरचे, तिन्ही प्रकारचे वेल्डिंग एकाच सांध्यात येते. पुष्कळजण पहिल्या खेपेला नापास होतात. हे प्रमाणपत्र कायमचे नसते. मुदत संपली की ते नव्याने मिळवावे लागते.

बॉयलर बांधण्याऐवजी चालवण्यात रस असेल तर बॉयलर अटेंडंटचे द्वितीय आणि प्रथम श्रेणीचे सक्षमता प्रमाणपत्र आहे, आणि अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका असणाऱ्यांसाठी बॉयलर प्रचालन अभियंत्याची परीक्षा आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

दुसरी बाजू

आता जे माहितीपुस्तिकेत नसते ते सांगतो. स्कॉटलंडमधील ग्लासगोचे कानाचे डॉक्टर टॉमस बार यांनी १८८६ मध्ये शंभर बॉयलरमेकर तपासले. एकाचेही कान पूर्णपणे शाबूत नव्हते. रिवेट ठोकणाऱ्याच्या घणाचा आवाज बंद नळकांड्याच्या आत बसलेल्या सोबत्याच्या कानांवर दिवसभर आदळत असे. रिवेट गेले, पण ग्राइंडर आणि हातोडा आहेतच. कानात बोळे घालणाऱ्याला 'नाजूक' म्हणून हसणारे सोबती तुम्हाला भेटतील. त्यांना हसू द्या; ऐकू येते तोवर ऐकून घ्या.

आर्गन विषारी नाही, पण हवेपेक्षा जड आहे. बंद टाकीत तो साचला की ऑक्सिजनला बाहेर ढकलतो. त्याला वास नाही, गुदमरल्याची जाणीवही होत नाही. माणूस थेट कोसळतो. म्हणून आतली हवा तपासल्याशिवाय आणि बाहेर पहाऱ्याला माणूस असल्याशिवाय बॉयलरच्या आत जायचे नाही, मग फोरमन कितीही घाई करो. दिवासुद्धा आत २४ व्होल्टचाच न्यावा.

आणि नोकरीचे? कायम नोकऱ्या कमी आहेत. पुष्कळसे काम ठेकेदारामार्फत मिळते. औष्णिक केंद्र किंवा तेलशुद्धी कारखाना दुरुस्तीसाठी बंद झाला की महिनाभर रात्रंदिवस काम, मग पुढच्या बोलावण्याची वाट. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या चांगल्या वेल्डरला साध्या वेल्डरपेक्षा पुष्कळ जास्त मजुरी मिळते आणि आखाती देशांतूनही मागणी येते. पण भविष्यनिर्वाह निधी आणि विमा आहे की नाही हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे लागते.

'कोळसा तर एक दिवस बंद होणार, मग बॉयलरचे काय?' असा प्रश्न तुमच्यातल्या हुशार विद्यार्थ्याला पडला असेल. प्रश्न रास्त आहे. कोराडीला ६६० मेगावॅटचे संच आहेत, त्यांत पाण्याचा दाब २२१ बार या क्रांतिक दाबाच्याही वर असतो; तिथे पाणी उकळतच नाही, थेट वाफेसारखे वागू लागते. असे नवे संच पुढे किती उभे राहतील हा वादाचा विषय आहे. पण वाफ फक्त विजेसाठी लागत नाही. दूध डेअरी, औषधे, कापडाची रंगाई, कागद, साखर या सगळ्यांना वाफ लागते. इंधन चिपाड असो, गॅस असो की वीज. अणुवीज केंद्रातही शेवटी वाफच चक्की फिरवते. शिवाय दाब पेलणारा सांधा भरता येणारा माणूस फक्त बॉयलरलाच बांधलेला नसतो. रसायनांच्या टाक्या, वायूच्या नळवाहिन्या, खतकारखाने ही सगळी त्याची कामाची ठिकाणे आहेत. मुलींनीही हे वाचून पान उलटू नये. सांधा भरायला दंडाची ताकद नव्हे, मनगटाची स्थिरता लागते.

शिक्षकांना एक विनंती. वर्गात 'अभ्यास कर, नाहीतर आयटीआयला जावे लागेल' असे आपण सहज बोलून जातो. ४४ मिलिमीटरचे ते गणित एकदा फळ्यावर घालून पाहा, आणि किती मुलांना पहिल्या खेपेस सुटते ते मोजा.

जवळच्या साखर कारखान्याला सहल नेणार असाल तर हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात, रीतसर परवानगी काढून न्या. तेव्हा बॉयलर थंड आणि उघडा असतो. दर्शनी बाजूला त्याचा नोंदणी क्रमांक कोरलेला दिसेल. आपल्या राज्यातल्या बॉयलरचा क्रमांक 'एमआर' या इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो. मग कोणाला तरी विजेरी धरायला सांगा आणि मोठ्या सांध्याच्या कडेने नीट पाहा. रंगाखाली, पत्र्यात ठोकलेला एक छोटासा क्रमांक किंवा एक-दोन अक्षरे सापडण्याचा संभव आहे. तो सांधा भरणाऱ्या वेल्डरचा तो शिक्का. पुढे कधी त्या जागी दोष निघाला तर कोणाला विचारायचे ते त्यावरून कळते.